घाट बांधताना ऑगस्टमधली गंगा धरा, जानेवारीतली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. नाशिककरांनी ही तारीख आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी. २ ऑगस्ट २०१६ लाच गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, मोठा पूर आला होता आणि सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात गेले होते. तीन वर्षांनी, ४ ऑगस्ट २०१९ ला, तेच पुन्हा घडले. पुढची दोन स्नाने ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरची आहेत. २००८ चा महापूर १९ सप्टेंबरचा होता आणि १९६९ चाही सप्टेंबरातलाच. प्रयागला माघात नदी उतरलेली असते, मोकळ्या वाळूवर तंबूंचे गाव वसवता येते. आपल्याकडे पर्वणी आणि पूर एकाच महिन्यात, एकाच घाटावर येतात.

असे असून गोदाकाठाच्या सुशोभीकरणाची जी चित्रे दाखवली जातात त्यांत नदी कायम जानेवारीतली असते. संथ निळे पाणी, काठाला दिवे, बाकडी, फिरणारी माणसे. चित्राला आमची हरकत नाही. मात्र त्याच्या शेजारी दुसरे एक चित्र हवे, तेही दिसायला अगदी नीरस: त्या जागी नदीचा आडवा छेद. त्यावर तळाची पातळी, घाटाची पातळी, निळ्या आणि लाल पूररेषेची पातळी, आणि २००८, २०१६ व २०१९ ला पाणी कुठपर्यंत आले होते त्या तीन खुणा. सगळे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. महापालिका, जलसंपदा विभाग आणि कुंभमेळा प्राधिकरण यांनी निळ्या रेषेच्या आतल्या प्रत्येक कामासोबत हा छेद कामाच्या जागेवरच फलकावर लावावा, ही या पत्रातली मुख्य मागणी. बाकीचे त्यातूनच येते.

पूररेषांविषयी अजून गैरसमज फार आहेत. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की २५ वर्षे निर्धास्त, असा होत नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के असते. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते, म्हणजे नाणे उडवण्याहून वाईट. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोते लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर ठेवून बांधकाम करता येते. नियम म्हणून हे ठीक. पण जोते उंच करण्यासाठी प्लॉटवर मुरूम टाकून भराव केला की पाण्याची जागा तेवढी कमी होते आणि ते शेजारच्या जुन्या घरात शिरते. खांबांवर उचललेले जोते आणि भरावावर उचललेले जोते कागदावर सारखेच दिसते, पुरात अजिबात नाही. परवानगी देताना भरावाला साफ नकार हवा.

आता धरणाकडे. पूर आला की पहिला संताप निघतो तो गंगापूर धरणातून पाणी सोडणाऱ्यांवर. गंगापूरचा साठा ५,६३० दशलक्ष घनफुटांचा. १०,००० क्यूसेक, म्हणजे सेकंदाला १०,००० घनफूट, पाणी चोवीस तास आले तर ते ८६४ दशलक्ष घनफूट होते, म्हणजे धरणाचा सुमारे १५ टक्के भाग. धरण ऑगस्टच्या आरंभी ९० टक्के भरलेले असेल तर वरून येणारा एका दिवसाचा असा लोंढाही पोटात घ्यायला जागा उरत नाही; जेवढे आले तेवढे पुढे ढकलावे लागते. म्हणून स्नानाच्या तारखांआधी किती टक्के जागा रिकामी ठेवणार, ती करण्यासाठी विसर्ग किती दिवस आधी सुरू करणार आणि पाऊस पुढे रुसला तर शहराच्या पिण्याच्या पाण्याचे काय, हे तीन आकडे एकत्र जाहीर व्हावेत. जागा रिकामी ठेवणे फुकटात होत नाही, आणि नंतर पाणीकपातीची वेळ आली तर दोष कोणाला द्यायचा हे आधीच ठरलेले बरे.

दुसरा भाग धरणाच्या हातात नाहीच. धरणाच्या खाली, आनंदवलीपासून शहरापर्यंत जे पाणी पडते ते थेट नदीत येते. तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातले ६० टक्के वाहून गेले असे धरले, तर दर चौरस किलोमीटरमागे सुमारे १५० क्यूसेक होतात. अशा ४० चौरस किलोमीटरवर सर कोसळली की ६,००० क्यूसेक, आणि त्यासाठी धरणाचा एकही दरवाजा उघडावा लागत नाही. मोकळ्या जागी फरशी आणि काँक्रीट झाले की ६० चे ८० टक्के होतात. म्हणून बातमीत गंगापूरच्या विसर्गापेक्षा होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आकडा वर छापला जावा, अशी संपादक या नात्याने आपल्यालाही विनंती.

घाटाच्या बांधकामात नेमके काय बिघडते, ते जरा सविस्तर लिहितो, कारण निविदेत नेमके हेच तपशील गाळले जातात. संरक्षक भिंती पूर चढताना सहसा पडत नाहीत, ओसरताना पडतात. पूर चढलेला असताना भिंतीच्या दोन्ही अंगांना पाणी असते आणि दाब एकमेकांना तोलतो. पाणी झपाट्याने उतरले की समोरचा आधार जातो, मागची माती मात्र अजून चिंब असते, आणि भिंत नदीच्या बाजूला कलंडते. उपाय जुना आहे: भिंतीत दीड-दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची निचऱ्याची भोके आणि त्यांच्या मागे खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणीचे कापड. भोके बहुतेक ठिकाणी असतात. मागचा खडीचा थर मात्र मोजमाप पुस्तकात असतो, जमिनीत नसतो. भोकांतून उन्हाळ्यात सळई घालून पाहिली तरी कळते: दोन वितींवर माती लागली तर खडी घातलेलीच नाही.

कठड्यांचे तसेच. पुरात पाण्याबरोबर पानवेली, निर्माल्य, कापड, प्लॅस्टिक येते आणि उभ्या गजांच्या कठड्याला अडकते. तासाभरात कठड्याची भिंत होते. एक मीटर पाणी अडले तर प्रत्येक धावत्या मीटरवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो. दोन मीटर अडले तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे २,००० किलो. मग कठडा एकटा जात नाही, बुडाखालचे काँक्रीट उपटून नेतो. इतर नदीकाठांवर जून लागताच कठडे काढून ठेवता येतील, पण आपली अडचण अशी की गर्दी सांभाळायला ते ऑगस्टमध्येच लागतात. तेव्हा प्रवाहाला आडवे कठडे नकोतच. प्रवाहाला समांतर असतील तेही खोबणीत बसवलेल्या खांबांचे आणि साखळीचे असावेत, म्हणजे चार माणसांना अर्ध्या तासात काढून वर नेता येतील. वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉकही घाटावर चालत नाहीत. पाणी सांध्यातून वाळू उपसते, एक ब्लॉक सुटला की पाठोपाठ रांग सुटते. काळ्या दगडाची जाड फरशी, खाली काँक्रीट, सांधे सिमेंटने भरलेले आणि वरचा पृष्ठभाग छिन्नीच्या टाकीचा खरखरीत, एवढे पुरते. गुळगुळीत केलेल्या दगडावर शेवाळ आले की ओल्या पायांची काय गत होते ते रामकुंडावर कुठल्याही श्रावणात दिसते.

जुन्यांना हे कळत होते. नदीतले दगडी सांडवे बुडण्यासाठीच बांधले गेले. नारोशंकराच्या मंदिराने कितीतरी पूर अंगावर घेतले आणि त्याची घंटा नाशिककरांच्या बोलण्यात महापुराचे माप होऊन बसली. आपण मात्र कुंडांच्या तळात काँक्रीट ओतले आणि नंतर तेच काढण्यावर वाद घालत बसलो. गोदापार्कचे पुराने काय हाल केले तेही सगळ्यांनी पाहिले आहे. नव्या निविदांत ‘पुराने झालेले नुकसान ठेकेदाराच्या जबाबदारीत येत नाही’ अशी ओळ असेल तर ती काढावी. निळ्या रेषेच्या आत पूर ही दैवी आपत्ती नसते, तो तिथला नित्यक्रम असतो.

सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार या भागाचे दुखणे वेगळे आहे आणि ते नदीकाठी भिंत बांधून बरे होणार नाही. तिथे पाणी नदी ओलांडून येण्याआधीच सरस्वती नाल्यातून येते. नाला गावठाणाखालून बंदिस्त वाहतो. नदीची पातळी त्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाल्यातले पाणी बाहेर पडू शकत नाही. उलट नदीच आत शिरते आणि रस्त्यावरच्या ढाप्यांतून वर येते. आकाश स्वच्छ असतानाही हे होऊ शकते. तोंडाला एकमार्गी झडप बसवणे हा पहिला उपाय: बाहेरून दाब आला की ती मिटते. पण झडप मिटल्यावर गावठाणावर पडणाऱ्या पावसाला वाट राहत नाही, म्हणून पंप लागतो. हिशेब सोपा आहे. १० हेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि ९० टक्के वाहून आला तर सेकंदाला १,२५० लिटर पाणी होते. ते चार मीटर उचलायला साधारण १०० अश्वशक्तीचा पंप लागतो. नाल्याला पाणी देणारा भाग जितके दहा हेक्टर, तितके असे पंप, आणि शिवाय एक राखीव. पंप डिझेलवर चालला पाहिजे, कारण पुरात सुरक्षेसाठी सगळ्यात आधी त्या भागाची वीज बंद केली जाते. नुसती झडप बसवून उद्घाटन केले तर व्यापाऱ्यांची अवस्था आधीपेक्षा वाईट होईल. आणि झडपेला दर मे महिन्यात हात लावून पाहावे लागते: बिजागरीत चिंधी अडकली की ती अर्धी उघडी राहते आणि अर्धी उघडी झडप म्हणजे नसलेली झडप.

याच भागात रस्त्याच्या उंचीचा प्रश्न आहे. डांबराचा एक थर ५० मिलिमीटरचा धरला तरी चार वेळा थरावर थर दिला की रस्ता २० सेंटिमीटर वर येतो आणि दुकानाचा उंबरा रस्त्याच्या खाली जातो. मग पूर नसतानाही साध्या सरीचे पाणी गाळ्यात. इथे नवा थर टाकण्याआधी जुना तितकाच खरवडून काढण्याची अट हवी, आणि काम संपल्यावर उंबऱ्यापासून रस्ता किती खाली आहे ते दर दहा मीटरवर मोजून बिलाला जोडावे.

काठाने जाणाऱ्या मलवाहिकांचे चेंबर पावसात उसळतात आणि मैला थेट कुंडांत जातो, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कारण एवढेच सांगतो: कोरड्या दिवसांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी टाकलेल्या नळात छतांचे आणि अंगणांचे पावसाचे पाणीही सोडलेले असते, आणि नळ ठरल्याच्या कित्येक पट पाणी वाहून नेऊ शकत नाही. चेंबरचे झाकण बोल्टने घट्ट बसवून प्रश्न सुटत नाही, तो पुढच्या चेंबरवर सरकतो. वरच्या वस्त्यांतल्या इमारतींचे पन्हाळीचे नळ कुठे जोडलेत ते धूर सोडून तपासता येते; काम कंटाळवाणे आहे, खर्चिक नाही.

पुराचा इशारा लोकांना समजेल अशा भाषेत द्यावा. क्यूसेक ऐकून गाळेवाल्याला माल उचलायचा की नाही हे कळत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागले हे मात्र पोराटोरांनाही कळते. जलसंपदा विभागाने हीच मोजपट्टी अधिकृत करावी. होळकर पुलाखालचा विसर्ग, मारुतीपाशी पातळी आणि त्या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी येते, असा तक्ता करून पटांगणांवर, बाजारपेठेत आणि मंदिरांच्या भिंतींवर रंगवावा. होळकर पूल, गाडगे महाराज पूल आणि प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी मीटरच्या पट्ट्या रंगवाव्यात. खर्च रंगाचा आणि शिडीचा.

आता गाड्यांचे. गौरी पटांगण आणि आजूबाजूचा घाट हा पावसाळ्यातही वाहनतळ म्हणून वापरला जातो आणि विसर्ग वाढला की ध्वनिक्षेपकावरून गाड्या हलवण्याची धावपळ सुरू होते. मालक दर्शनाला किंवा खरेदीला गेलेले असतात. साठ सेंटिमीटर पाण्यात बहुतेक मोटारी तरंगतात, छोट्या त्याआधीच. तरंगलेली मोटार पुलाच्या खांबाला जाऊन अडकली तर ती एकट्या मालकाचे नुकसान करत नाही, प्रवाहच अडवते. १५ जून ते १५ ऑक्टोबर या काळात निळ्या रेषेच्या आत एकही वाहन उभे राहू नये. बुधवारचा बाजार राहू द्या; भाजीवाल्याची पाटी दहा मिनिटांत उचलली जाते, मोटार नाही.

मग लोकांनी यायचे कसे? निओ मेट्रोसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले, त्या मार्गाचा खांबही अजून दिसत नाही, तेव्हा ८ जुलै २०२१ पासून धावणारी सिटीलिंक शहर बससेवा हेच काय ते साधन. निमाणी, पंचवटी कारंजा, होळकर पूल, रविवार कारंजा, अशोक स्तंभ, घारपुरे घाट, रामवाडी पूल आणि परत निमाणी अशी एक वर्तुळ फेरी छोट्या बसने सुरू करावी. फेरी अर्ध्या तासाची धरली तर पाच बस पुरतात, दर सहा मिनिटांना एक. फेरी पाच किलोमीटरची आणि सेवा १४ तासांची धरल्यास एका दिशेला दिवसाचे ७०० किलोमीटर होतात. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर द्यायचे असल्याने खर्च आजच काढता येईल. तुलना करा: शंभर मोटारींना, वळायला जागा धरून, २,५०० चौरस मीटर लागतात. ३५ जणांच्या छोट्या बस तासाला दहा आल्या तर ३५० माणसे उतरतात, आणि जागा लागते ती २५ मीटरच्या थांब्याची. पुरामुळे होळकर पूल वाहतुकीला बंद झाला तर फेरीचे दोन तुकडे व्हावेत, अलीकडची बस अशोक स्तंभापाशी आणि पलीकडची पंचवटी कारंज्यापाशी वळावी, हे चालकांना त्या दिवशी नव्हे तर आधीच ठाऊक हवे. थांब्यावर उतरल्यापासून घाटापर्यंतची पायवाट हातगाड्यांनी आणि दुचाकींनी अडलेली असेल तर मात्र बसचा उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा पायऱ्यांचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. गर्दीचे गणित असे असते: सपाट रस्त्यावर एका मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसे सुरळीत जातात, पायऱ्यांवर ६५. सहा मीटरच्या गल्लीतून मिनिटाला ४८० येतात आणि तेवढ्याच रुंदीच्या पायऱ्यांवरून ३९० उतरतात. दर मिनिटाला ९० मागे साचतात. दहा मिनिटांत ९०० होतात, आणि चौरस मीटरला चार माणसे धरली तरी ३७ मीटर लांब गल्ली खच्चून भरते. मागच्याला पुढचे दिसत नाही, तो ढकलतच राहतो. म्हणून पायऱ्यांची रुंदी रस्त्यापेक्षा निदान सव्वापट हवी, आणि ती नसेल तर गर्दी पायऱ्यांच्या तोंडाशी न अडवता खूप मागे, गल्लीत शिरण्याआधी अडवावी. त्यातच पूर चढून खालच्या पाच पायऱ्या बुडाल्या तर घाटावर उभे राहण्याची जागा कमी होते. तेव्हा किती पातळीला किती माणसे सोडायची याचा तक्ताही दुतोंड्या मारुतीच्याच मापात असावा. दसक, टाकळी इथले घाट रामकुंडाचा भार हलका करण्यासाठी आहेत. नाशिकरोडला रेल्वेने उतरणाऱ्याला दसकला पाठवायचे तर स्थानकाबाहेर पडताच तशी बस उभी दिसली पाहिजे, नुसत्या बाणाने कोणी वळत नाही.

हे सगळे तपासून पाहायला २०२६ चा एकच पावसाळा हाताशी आहे. त्या वर्षी ३१ मेपर्यंत नाल्यांच्या तोंडांची आणि झडपांची पाहणी, जूनमध्ये पातळीच्या पट्ट्या, आणि ऑगस्टमध्ये विसर्ग सुरू असतानाच्या एखाद्या बुधवारी वाहनबंदी आणि वर्तुळ बस यांची पूर्ण दिवसाची रंगीत तालीम घ्यावी. तालमीत काय फसले ते आठवड्याच्या आत आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून छापून यावे.

आपले,
गोदाकाठचे काही रहिवासी,
पंचवटी व जुने नाशिक